काळ्या कातळाची कुळकथा

वडूजच्या परिसरात विहीर खणणाऱ्यास प्रथम काळी माती लागते, मग मुरूम, आणि त्याखाली पहार परतविणारा काळा कातळ. त्यात पाणी लागले तर घरात दिवाळी. न लागले तर डोक्यावर कर्ज. खटाव तालुका सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत वसलेला आहे. म्हणून हा कातळ आला कोठून, ही चौकशी तेथे केवळ पंडितांची नव्हे.

श्रोतेहो, पुष्कळांची अशी समजूत असते की, पृथ्वीच्या कवचाखाली शिलारसाचा समुद्र उसळत असून तोच फुटून वर येतो. वस्तुस्थिती निराळी आहे. कवचाखालील प्रावरण अतिशय तप्त खरे, परंतु घन आहे. वरच्या भाराचा दाब त्यास वितळू देत नाही. महाबळेश्वरी पाणी साताऱ्यापेक्षा कमी उष्णतेवर उकळते, कारण तेथे हवेचा दाब कमी. तद्वतच खोलातील तप्त खडक वर सरकू लागला म्हणजे दाब घटतो आणि उष्णता न वाढताही तो वितळू लागतो.

मात्र तो सगळा वितळत नाही. लोणी कढविले असता तूप निघते व बेरी तळाशी राहते, तसाच हा प्रकार. प्रावरणातील पेरिडोटाइट खडकाचा थोडाच अंश रस होतो. सिलिका, ॲल्युमिनियम व कॅल्शियम त्यात अधिक उतरतात. मॅग्नेशियम बहुतांशी मागे राहते. मूळ खडकात सिलिका शेकडा सुमारे 45, तर बेसाल्टात सुमारे 50. बेसाल्ट हा पृथ्वीच्या पोटाचा नमुना नव्हे, तर त्यातून निथळलेला अंश होय.

सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी, आज रियुनियन बेटाखाली असलेल्या उष्ण स्रोतावरून भारतभूमी सरकत असता हा रस लांबच लांब भेगांतून वाहिला व थरांवर थर साचले. वाटेत त्याने खंडाचे जुने खडकही थोडेबहुत गिळले. पोलादपूरच्या थरांत त्यांची रासायनिक खूण ठळक, तर त्यांवरील आंबेनळीच्या थरांत अगदी अल्प आढळते. कोयना परिसरात 2017 साली 3 किलोमीटर खोल वेध घेतला, तेव्हा सुमारे सव्वा किलोमीटर बेसाल्ट ओलांडल्यावर ग्रॅनाइटी खडक लागला.

हाच इतिहास विहिरीत उतरतो. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला असतो; तो झिजला, भेगाळला तर पाणी साठवितो. पोटातील घट्ट कातळ भेग असेल तेथेच पाणी देतो. यास्तव एका बांधावर पाणी, तर पलीकडच्या बांधावर कोरडा खड्डा, असे घडते. त्यात दैवाचा दोष नाही. आणि ज्या कातळाने पाणी अडविले, त्याच्याच लोह-कॅल्शियमयुक्त खनिजांचा भुगा होऊन ती काळी माती झाली आहे. पावसाची ओल ती दीर्घकाळ धरून ठेवते, आणि त्या ओलीवर हिवाळ्यात शाळू उभा राहतो.