ग्रंथांची होळी कोण पेटवितो?



अग्निशामक दलाचा धर्म आग विझविणे हा होय. परंतु ज्या राज्यात हेच दल घंटा वाजवीत येते आणि घरातील ग्रंथांवर रॉकेल ओतून ते पेटवून देते, अशा राज्याचे चित्र अमेरिकन लेखक रे ब्रॅडबरी यांनी ‘फॅरनहाइट ४५१’ या कादंबरीत रेखाटले. ज्या तापमानाला कागद पेट घेतो, त्यावरून लेखकाने हे नाव योजिले. कादंबरी १९५३ साली प्रसिद्ध झाली. १० मे १९३३ रोजी बर्लिनमध्ये नाझी विद्यार्थ्यांनी केलेल्या ग्रंथांच्या होळीला तेव्हा वीस वर्षे झाली होती. त्या होळ्यांचा सल ब्रॅडबरी यांना आयुष्यभर राहिला. परिस्थितीमुळे महाविद्यालयाची पायरी चढू न शकलेल्या या लेखकाचे शिक्षण सार्वजनिक ग्रंथालयातच झाले होते. या कादंबरीचा पहिला खर्डाही लॉस एंजेलिसमधील विद्यापीठाच्या ग्रंथालयातच, तळघरात भाड्याने मिळणाऱ्या टंकलेखन यंत्रावर, अर्ध्या तासाला दहा सेंट मोजून उतरला.

कथानायक माँटॅग हा या दलातील कर्मचारी. एक वृद्धा ग्रंथ सोडून बाहेर येण्यास नकार देते आणि त्यांच्यासह जळून जाते. माणसाने प्राण द्यावेत असे या पानांत आहे तरी काय, हा प्रश्न त्याला झोपू देत नाही.

परंतु कादंबरीचे मर्म याहून खोल आहे. दलाचा प्रमुख कॅप्टन बीटी माँटॅगला सांगतो की, ग्रंथबंदीचा आरंभ सरकारी हुकुमाने झालेला नाही. लोकांनीच आधी वाचन सोडले. मोठे ग्रंथ संक्षिप्त झाले आणि संक्षेपाचे सारांश झाले. या गटाला हे खुपते, त्या गटाला ते खुपते, म्हणून मजकूर कापला जाऊ लागला. माँटॅगची पत्नी भिंतीएवढ्या पडद्यांवरील पात्रांनाच आपले कुटुंब मानते. अशा समाजात काडी ओढण्याचे काम तेवढे राज्यकर्त्यांसाठी उरले होते.

नियतीचा खेळ असा की, हीच कादंबरी कात्रीखाली सापडली. १९६७ साली प्रकाशकांनी शाळांसाठी आवृत्ती काढली. तीत सुमारे पंचाहत्तर ठिकाणी शब्द व वाक्ये गुपचूप बदलली. १९७३ पासून तर बाजारात हीच कापलेली आवृत्ती विकली जात होती. लेखकाला याचा पत्ताही नव्हता. विद्यार्थ्यांनी पत्रे लिहून हा प्रकार १९७९ साली त्यांच्या निदर्शनास आणला, तेव्हा कोठे मूळ संहिता पुन्हा छापली गेली. येथे ना हुकूम निघाला, ना ज्वाळा दिसल्या. कोणी दुखावू नये, ही ‘सद्भावना’च पुरेशी ठरली!

कादंबरीच्या अखेरीस शहर बॉम्बवर्षावात नष्ट होते. वाचतात ते नगराबाहेर भटकणारे काही लोक. त्यांनी एकेक ग्रंथ कंठस्थ केलेला असतो. जणू ते स्वतःच तो ग्रंथ झालेले असतात. मौखिक परंपरेचा वारसा लाभलेल्या भारतीय श्रोत्याला ही कल्पना परकी वाटू नये.

ब्रॅडबरी २०१२ साली निवर्तले. त्यांचा इशारा मात्र आजही ताजा आहे. ज्या घरात कपाटातील ग्रंथ वर्षानुवर्षे कोणी उघडत नाही, तेथे तो जाळण्यासाठी कोणी येण्याची गरज नसते. आणि न पटणारे पुस्तकही पूर्ण वाचून त्याला विचाराने उत्तर देणारा वाचक जोवर घरोघरी आहे, तोवर कोणत्याही सत्तेची काडी ओलीच राहील.