मुलांना 'घाशीराम' दाखवायचं का?



माझा भाचा इथं सोलापुरातच नववीला आहे. मुलांना 'घाशीराम कोतवाल'चं रेकॉर्डिंग दाखवायचं का, असं त्याच्या शाळेनं पालकांना विचारलं. आपाचा मला फोन आला, "तूच आधी बघून सांग."

मी कागद-पेन घेऊन बसलो. सॉफ्टवेअरवाल्याची सवय! वाईट शब्द शोधायचे, मोजायचे, आकडा वाढला की नापास. लावणी, बावनखणी, शिव्या, यादी लांबली. पण घाशीराम आपली कोवळी मुलगी गौरी नाना फडणवीसाच्या हवाली करून कोतवाली मिळवतो, तिथं माझ्या कागदावर एकही खूण नव्हती. शिवी नव्हती ना! उलट आजूबाजूच्या गाण्या-बजावण्यात मी ताल धरला होता.

संगीत नाटकाची खरी मेख हीच आहे. गोड चालीतून गुन्हा सहज गळी उतरतो. आपण कशावर ताल धरला, हे मोठ्या माणसाला उशिरा का होईना, कळतं आणि तो हादरतो. पाचवीतलं पोर नुसतं ताल धरतं.

नाटक विजय तेंडुलकरांचं, संगीत भास्कर चंदावरकरांचं. दिग्दर्शक जब्बार पटेल आपल्या पंढरपूरचे, पेशानं लहान मुलांचे डॉक्टर. १६ डिसेंबर १९७२ला पुण्यात पहिला प्रयोग झाला आणि वाद पेटला तो नानांच्या बदनामीवरून, ब्राह्मणांच्या चित्रणावरून. म्हणजे मोठ्यांना काय झोंबतं, यावरून मुलांना काय झेपेल ते ठरत नाही.

आपल्या घरांत दोनच उत्तरं असतात. "नाटक-गाणं नकोच" किंवा "मोबाईलवर याहून वाईट बघतात." दोन्हींत मुलाशेजारी बसायची मेहनत वाचते.

मी आता तीनच गोष्टी विचारतो. नाटक आपल्याला कुणावर हसायला लावतं? जुलूम हा जुलूमच आहे, हे या वयात ओळखता येईल का? आणि पडदा पडल्यावर मुलांशी बोलायला कोण थांबणार आहे?

मी आपाला सांगितलं, आठवीपर्यंत नको. नववी-दहावीला दाखवा, पण गोष्ट आधी सांगा. ज्याला बघवणार नाही त्याला उठून जायची मोकळीक द्या, कारण विचारू नका. आपल्या जिल्ह्यात अजून बालविवाह रोखल्याच्या बातम्या येतात. त्या वर्गात एखादी गौरी बसलेली असू शकते. म्हणून विश्वासातल्या एक शिक्षिका तिथं हव्यात आणि फळ्यावर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ नंबर हवा.

भाच्यानं माझ्यासोबत नाटक पाहिलं. शेवटी लोक घाशीरामला ठेचून मारतात, त्यावर तो काही बोलला नाही. त्यानं एवढंच विचारलं, "मामू, गौरीला कुणीच का नाही विचारलं?"

त्या रात्री आम्ही बारापर्यंत बोलत बसलो. तुमच्या घरातल्या मुलांसाठी तेवढा वेळ काढणार असाल, तरच दाखवा.