मधुमेह, डोळे आणि आपले स्वयंपाकघर

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



मधुमेहात रक्तातली साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्यातील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होऊन झिरपू लागतात. जादा साखरेमुळे पेशींत काही उपद्रवी द्रव्ये निर्माण होतात. ती या नासाडीला हातभार लावतात. त्यांना आवर घालणारी द्रव्ये वनस्पतींत असतात. त्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात.

ती आपल्या घरातच आहेत. आवळ्यात व पेरूत क जीवनसत्त्व, हळदीत कुरक्युमिन, पालक-मेथीत ल्युटीन. हे ल्युटीन डोळ्याच्या पडद्यात जाऊन साठते. ते तेलात विरघळते, म्हणून पालेभाजीला चमचाभर तेलाची फोडणी हवीच.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००५ साली मधुमेही उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. हळद दिलेल्या उंदरांत मोतीबिंदू उशिरा वाढला. पण त्यांची साखर काही उतरली नाही! आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हेही विसरू नये.

उलट १९९३ साली अमेरिका-कॅनडातील मोठ्या अभ्यासात, इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांची साखर काटेकोरपणे आटोक्यात ठेवल्यावर पडद्याचा विकार जडण्याचा धोका ७६ टक्क्यांनी घटला. तेव्हा पहिला मान साखरेच्या नियंत्रणाचा, भाजीपाल्याचा त्यानंतरचा.

हे मी आवर्जून सांगते, कारण माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आवळ्याच्या रसावर भिस्त ठेवली आणि गोळ्या सोडल्या. डोळा दुखत नव्हता, लाल होत नव्हता. मग तपासायचा कशाला, असे त्या म्हणत. एके दिवशी सुईत दोरा ओवेना. डॉक्टरांनी लेसरने उरलेली नजर राखली, गेलेली मात्र परत आली नाही. मीही त्यांना रस करून देत होते. डोळे दाखवायला चला, असे एकदाही म्हटले नाही. ती रुखरुख अजून आहे.

म्हणून भगिनींनो, पालेभाजी रोज करा, आवळा जरूर खा; पण गोळ्या सोडू नका. वर्षातून एकदा बाहुलीत औषध घालून पडदा तपासून घ्या. त्यानंतर काही तास धूसर दिसते, तेव्हा सोबतीला कोणी तरी न्या. कोणी नसेल तर मला हाक मारा, मी येईन.