व्यापारी भेट आणि परदेशातील काम : अल्पमुदतीच्या व्हिसाची मर्यादारेषा

(लघु व मध्यम निर्यातदारांच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



निर्यातवाढीची चर्चा आपण बहुधा सीमाशुल्क, विनिमय दर, बंदरे आणि कर्जपुरवठा यांच्या परिभाषेत करतो. परंतु ग्राहकाशी बोलणी करण्यास, प्रदर्शनात माल मांडण्यास वा विकलेले यंत्र सुरू करून देण्यास शेवटी माणसालाच जावे लागते. सेवांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. २०२४-२५ मध्ये भारताची सेवा निर्यात सुमारे ३८७ अब्ज डॉलरच्या घरात होती. हा व्यवहार बराचसा संगणकाच्या जाळ्यावरून होत असला, तरी त्यामागील विश्वास प्रत्यक्ष भेटीतूनच उभा राहतो. म्हणून अल्पमुदतीच्या व्यापारी व्हिसावर काय करता येते आणि काय करता येत नाही, हा प्रश्न केवळ प्रवासी एजंटावर सोपविण्यासारखा नाही. तो निर्यात धोरणाचा भाग आहे.

मूळ कल्पना

जागतिक व्यापार संघटनेचा सेवा व्यापारविषयक सर्वसाधारण करार १ जानेवारी १९९५ पासून अमलात आला. या कराराने सेवा व्यापाराचे चार प्रकार मानले. सेवा देणारी व्यक्ती स्वतः तात्पुरती दुसऱ्या देशात जाते, तो चौथा प्रकार. मात्र यजमान देशाच्या रोजगार बाजारात प्रवेश, नागरिकत्व, कायम वास्तव्य वा कायम नोकरी यांविषयीच्या उपायांना हा करार लागू होत नाही, असे त्याच्या परिशिष्टातच नमूद केलेले आहे. व्यापारासाठी येणारा आणि नोकरीसाठी येणारा यांच्यात ही भिंत पहिल्यापासूनच उभी आहे. अनेक देशांनी आपल्या वचनांत ‘व्यापारी अभ्यागत’ असा वर्ग मान्य केला. तो बोलणी करतो, करार ठरवितो. पण यजमान देशातून वेतन घेत नाही आणि सर्वसामान्य ग्राहकांना थेट विक्री करीत नाही.

तीन कसोट्या

अमेरिकेचा ‘बी-वन’ व्हिसा हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. १९५२ च्या कायद्यावर आधारलेल्या या व्हिसावर व्यावसायिक सहकाऱ्यांशी विचारविनिमय, परिषदांना उपस्थिती, कराराच्या वाटाघाटी, मालाच्या मागण्या नोंदविणे इत्यादी गोष्टी करता येतात. नियमांचा तपशील मोठा आहे. पण त्यातून तीन प्रश्न निघतात. मोबदला कोण देतो? व्यवसायाचे मुख्य ठिकाण आणि नफा कोणत्या देशात राहतो? आणि हे काम एरवी तेथील स्थानिक माणसाने केले असते काय?

१९६० च्या दशकात हाँगकाँगच्या एका शिंप्याचे प्रकरण अमेरिकेच्या इमिग्रेशन अपील मंडळापुढे आले. तो अमेरिकेत ग्राहकांची मापे घेई, मागण्या नोंदवी. कपडे मात्र हाँगकाँगमध्ये शिवले जात. त्याचे हे काम ‘व्यापार’ या व्याख्येत बसते, असा निर्णय झाला. कारण उत्पादन आणि नफा यांचे ठिकाण अमेरिकेबाहेर होते. शिवणयंत्र मांडून त्याने तेथेच कपडे शिवले असते, तर उत्तर वेगळे आले असते.

आपल्याकडे सर्वाधिक आढळणारा गैरसमज पहिल्या कसोटीविषयी आहे. ‘पगार भारतात मिळतो, म्हणजे परदेशात काम केले तरी हरकत नाही’, असे अनेकांना वाटते. वस्तुतः भारतातून वेतन मिळणे ही आवश्यक अट आहे, पुरेशी नव्हे. ऑक्टोबर २०१३ मध्ये इन्फोसिसने अमेरिकी सरकारशी ३ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड केली. बी-वन व्हिसावर आलेल्या कर्मचाऱ्यांकडून प्रत्यक्ष काम करून घेतले गेले आणि निमंत्रणपत्रांत प्रवासाचा हेतू वेगळा दाखविला गेला, असा तेथील सरकारचा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. कर्मचाऱ्यांच्या कागदपत्रांतील त्रुटी मात्र मान्य केल्या. आरोपाच्या सत्यासत्यतेत न शिरताही एक बोध घेता येतो : अधिकारी शब्द पाहत नाही, कृती पाहतो. प्रकल्पाचे काम ‘चर्चा’ या नावाने लिहिले, म्हणून ते चर्चा होत नाही.

विक्रीपश्चात सेवा : खरी अडचण

समजा, कोइमतूरच्या एका कारखानदाराने पंपसंच अमेरिकेला विकला. तो बसवून देण्यास त्याचा तंत्रज्ञ जाऊ शकतो काय? जाऊ शकतो. परदेशी कंपनीने विकलेली औद्योगिक यंत्रसामग्री बसविणे, तिची देखभाल व दुरुस्ती करणे आणि स्थानिक कामगारांना तिचे प्रशिक्षण देणे बी-वन व्हिसावर चालते. पण अटी बारकाईने पाहिल्या पाहिजेत. विक्रीच्या करारातच ही सेवा विक्रेत्यावर बंधनकारक केलेली असावी लागते, तंत्रज्ञाकडे त्यासाठी लागणारे विशेष ज्ञान हवे आणि त्याने अमेरिकेतून मोबदला घेता कामा नये. बांधकामाचे काम तर वर्ज्यच आहे. त्यावर देखरेख वा प्रशिक्षण एवढेच चालते. ब्रिटनच्या अभ्यागत नियमांतही परदेशी उत्पादकाकडून घेतलेली यंत्रे बसविण्याची व दुरुस्त करण्याची अशी सोय आहे.

ही रेषा किती निसरडी आहे, हे ४ सप्टेंबर २०२५ रोजी दिसून आले. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ह्युंदाई व एलजी यांच्या बांधकामाधीन बॅटरी कारखान्यावर छापा पडला. ताब्यात घेतलेल्या सुमारे ४७५ जणांत ३०० हून अधिक दक्षिण कोरियाचे नागरिक होते. त्यांपैकी काही अल्पमुदतीच्या व्यापारी व्हिसावर, तर काही व्हिसामाफीच्या सवलतीवर आलेले होते. त्यानंतर दोन्ही सरकारांची बैठक झाली आणि यंत्रे बसविणे, त्यांची देखभाल व दुरुस्ती यांसाठी बी-वन व्हिसा वापरता येतो, याचा अमेरिकेने पुनरुच्चार केला. नियम आधीपासूनच होता; त्याचा अर्थ स्पष्ट होण्यासाठी मात्र शेकडो माणसांना कोठडी सोसावी लागली. भारतीयांना तर अमेरिकेत व्हिसामाफीची सवलतही नाही.

प्रदर्शन आणि दिवसांची मोजदाद

मुरादाबादची पितळी भांडी घेऊन जाणाऱ्या उद्योजकाला व्यापारी प्रदर्शनात नमुने मांडता येतात, मागण्याही नोंदविता येतात. परंतु तेथल्या तेथे माल विकून पैसे घेणे ही निराळी गोष्ट आहे. ब्रिटनचे नियम प्रदर्शनातील थेट विक्रीला स्पष्टपणे मनाई करतात.

दिवसांच्या हिशेबातही घोळ होतो. अमेरिकेचा अभ्यागत व्हिसा भारतीयांना बहुधा १० वर्षांसाठी मिळतो. पण ती प्रवेशासाठी व्हिसा वापरण्याची मुदत आहे, वास्तव्याची नव्हे. किती दिवस राहता येईल, हे प्रत्येक प्रवेशाच्या वेळी ठरते. युरोपच्या शेंगेन क्षेत्रात २९ देश मिळून एकच हिशेब असतो : कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. जर्मनीत दोन महिने काढून पुढे फ्रान्समध्ये नव्याने मोजणी सुरू होत नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तेथे प्रवेश व निर्गमन यांची संगणकीय नोंद सुरू झाली आहे. पारपत्रावरील पुसट शिक्क्यांचा आधार घेण्याचे दिवस त्यामुळे संपत आले आहेत.

आरशातील आपला चेहरा

या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. २००९ मध्ये भारतातील प्रकल्पांवर व्यापारी व्हिसा घेऊन आलेले परदेशी कामगार आढळले, तेव्हा आपल्या गृह मंत्रालयाने प्रकल्पाच्या कामासाठी रोजगार व्हिसाच लागेल, असे बजावले. आपल्या कामगारांचे हित जपणे हे योग्यच होते. मात्र जी रेषा आपण आपल्या भूमीवर आखतो, तीच इतरांनी आखली म्हणून केवळ तक्रार करून चालणार नाही. ती कोठे असावी, हे परस्पर वाटाघाटींत ठरवून घेतले पाहिजे.

भारताने २००० मध्येच जागतिक व्यापार संघटनेपुढे व्यावसायिकांच्या तात्पुरत्या ये-जा संबंधी प्रस्ताव ठेवला होता. त्यानंतरच्या बहुपक्षीय वाटाघाटींतून फारसे हाती लागले नाही. त्यामुळे द्विपक्षीय करारांचे महत्त्व वाढले. २४ जुलै २०२५ रोजी ब्रिटनशी झालेल्या व्यापार करारात व्यापारी अभ्यागतांबरोबर योग प्रशिक्षक, संगीतकार व आचारी यांच्याही तात्पुरत्या प्रवेशाचा विचार झाला आहे. ही दिशा स्वागतार्ह आहे.

काय करावे?

पहिली सूचना निर्यातदारांना. विक्रीच्या करारातच सेवेचे कलम लिहा. यंत्र बिघडल्यानंतर लिहिलेले पत्र त्याची जागा घेऊ शकत नाही. निमंत्रणपत्र, अर्ज आणि प्रवाशाची तोंडी उत्तरे यांत एकच, आणि खरी, हकीकत असावी.

दुसरी सूचना निर्यात प्रोत्साहन परिषदांना. प्रमुख बाजारपेठांचे अभ्यागत नियम भारतीय भाषांतून, सोप्या उदाहरणांसह उपलब्ध करून द्यावेत. मोठ्या कंपनीला वकील परवडतो. लुधियाना वा कोल्हापूरच्या छोट्या कारखानदाराला परवडत नाही, आणि चुकीचा भार मात्र त्याच्या तंत्रज्ञावर पडतो. व्हिसा रद्द झाल्याची नोंद त्या तरुणाचा पुढे अनेक वर्षे पाठलाग करते.

तिसरी सूचना शासनाला. यापुढील प्रत्येक व्यापार करारात विक्रीपश्चात सेवा हे अभ्यागताचे काम म्हणून, व्याख्येसह नोंदले जावे. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क लावण्याचा निर्णय घेतला. कामाचा व्हिसा असा महाग झाला, की भेटीच्या व्हिसावर काम उरकण्याचा मोह वाढतो. त्या मोहाला एक कंपनी बळी पडली, तरी संशय पुढच्या रांगेतील प्रत्येक भारतीयावर येतो आणि वाटाघाटींच्या मेजावर आपल्या प्रतिनिधींचे बोलणे दुबळे होते. नियम पाळणारा प्रत्येक व्यापारी प्रवासी हा या वाटाघाटींतील आपला साक्षीदार आहे. त्याला नियम नीट कळावेत, एवढी व्यवस्था करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.