पाळक आणि मायबोली



मराठी ख्रिस्ती मंडळीत धर्मोपदेशकाला 'पाळक' म्हणतात. ज्याने माळावर मेंढरे वळलेली पाहिली आहेत, त्याला हा शब्द फोड करून सांगावा लागत नाही. मेंढरे ओळखीच्या हाकेला येतात. परक्या हाकेला बुजतात. मग धर्म सांगणाऱ्याची हाकच परकी असेल, तर ती ऐकणार कोण? कवी आणि पाळक रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्या आयुष्यात या प्रश्नाला मोठे स्थान होते. आज त्याच प्रश्नाचा आपण थोडा विचार करू.

मुंबईचाच दाखला घ्या. एक गिरगावात आणि एक दादरला, अशी दोन देवळे 'पोर्तुगीज चर्च' याच नावाने लोकांच्या तोंडी बसली आहेत. दादरच्या देवळाचा आरंभ १५९६ चा. आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७० नंतरच्या दशकात उभी केली. पोर्तुगिजांचे राज्य जाऊन शतके लोटली, तरी नाव पोर्तुगीजच राहिले. वास्तविक गिरगावच्या खोताच्या वाडीतील जुनी ईस्ट इंडियन कुटुंबे याच मातीतली. घरची बोलीही मराठीच. पण शेजाऱ्याच्या मनात 'ख्रिस्ती म्हणजे साहेबाचा' हे समीकरण पक्के होते. धर्म बदलला की माणूस परका होतो, ही समजूत अजूनही पुरती गेलेली नाही.

टिळकांना या समजुतीची झळ फार लागली. त्यांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा, चित्पावन घराण्यातला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई यांच्यावर आकाशच कोसळले. पुढची सुमारे पाच वर्षे नवराबायकोचा संसार तुटलेला होता. या काळाची कहाणी लक्ष्मीबाईंनी आपल्या 'स्मृतिचित्रे'त सांगितली आहे. शिक्षक बंधुभगिनींनी ती अवश्य वाचावी.

लक्ष्मीबाईंचे मन वळले ते कोणा विद्वानाचे प्रवचन ऐकून नव्हे. सोवळ्यात वाढलेल्या त्या बाईने स्वतःशीच विचार केला, की जातीचा भेद देवाने केला की माणसाने? तो माणसाने केला, असा कौल मनाने दिला, आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घ्यायला त्या तयार झाल्या. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. म्हणजे शास्त्रात जी गोष्ट 'सर्व माणसे एका पित्याची लेकरे' अशी लिहिलेली असते, ती त्या घरात पाण्याच्या भांड्यापाशी कसाला लागली. नगरकडील मंडळीत अस्पृश्य मानलेल्या समाजांतून आलेले लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्याबरोबर एका पंक्तीला बसणे ही तेव्हा नुसती बोलण्याची गोष्ट नव्हती.

टिळक १९०४ मध्ये पाळक झाले. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांना आपलेसे केले. त्यांनी आरंभिलेले 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. ते पुढे लक्ष्मीबाईंनी चालवले. ज्या बाईंची लिहिण्यावाचण्याशी ओळख लग्नानंतरची, त्यांनी काव्य पुढे न्यावे, हेही मायबोलीचेच बळ. या वाटेवर टिळक पहिले होते असे मात्र नाही. फादर स्टीफन्स यांचे ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' गोव्यात १६१६ सालीच छापले गेले होते.

आता कोणी विचारील, की यात अवघड ते काय? आशय तोच ठेवायचा, पेहराव बदलायचा, झाले! पण शब्द म्हणजे अंगरखा नव्हे. प्रत्येक शब्द आपले जुने ओझे बरोबर घेऊन येतो. 'अवतार' हाच शब्द घ्या. तो उच्चारताच आपल्या मनात दशावतार उभे राहतात. देव पुनःपुन्हा येतो, असा अर्थ उमटतो. ख्रिस्ती सिद्धान्त सांगतो, की देव इतिहासाच्या एका काळी, एकदाच माणूस झाला. म्हणून मराठी ख्रिस्ती लेखनात 'देहधारण' हा शब्द आला. अर्थ नेमका झाला खरा, पण शेतातल्या म्हातारीला 'अवतार' चटकन कळतो आणि 'देहधारण' समजावून द्यावे लागते. जवळचा शब्द घ्यावा तर अर्थ निसटतो. नेमका घ्यावा तर ऐकणारा दुरावतो. खऱ्या पाळकाची ओढाताण ती हीच. गणित शिकवणाऱ्या मास्तरांना ती परकी वाटू नये!

टिळकांवर दोन्हीकडून संशय घेतला जाणे अटळ होते. अभंगाच्या चालीने ख्रिस्ती उपदेश पातळ तर होणार नाही ना, ही एक शंका. अभंग हे नुसते आमिष तर नव्हे ना, ही दुसरी. दोन्ही शंका अगदीच पोकळ आहेत असे मला वाटत नाही. त्यांना युक्तिवादापेक्षा जगण्यानेच उत्तर देता येते. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. ज्याने पगारच सोडला, त्याच्या अभंगाला आमिष कसे म्हणावे? पण हा प्रयोग रुजायला वेळ मिळाला नाही. ९ मे १९१९ रोजी भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात त्यांचा अंत झाला.

लोकांच्या भाषेत बोलू लागले, की लोकांचे प्रश्नही ऐकावे लागतात. टिळकांच्या पश्चात, १९२० नंतरच्या दशकात, अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे पाळक भायखळ्याजवळ नागपाड्याच्या दाट वस्तीत आले. तेथे त्यांनी 'नेबरहुड हाउस' चालवले आणि सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांना दार उघडे ठेवले. त्याच कामातून १९३६ मध्ये समाजकार्य शिकवणारी, आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था उभी राहिली. अलीकडच्या काळात वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणले, आणि वसईची हिरवी जमीन व पाणी वाचावे म्हणून लोकांबरोबर ते लढ्यातही उतरले. २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते निवर्तले.

आज परळ-लालबागच्या गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत. चाळींच्या जागी मनोरे उठत आहेत. शेजार तुटलेला, मुलांची भाषा बदललेली. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी, अशा मुलाला आजीची प्रार्थना कोणत्या भाषेत द्यावी? हा प्रश्न आज केवळ ख्रिस्ती पाळकाचा उरलेला नाही. तो कीर्तनकाराचा आहे, मौलवींचा आहे, आईबापांचा आहे. मुलाला त्याच्याच बोलीत समजावून द्यावे, आणि अर्थ सांडू नये म्हणून शब्द निवडताना जपावे, एवढे तरी टिळकांपासून घेता येईल. शिक्षकांनी एखाद्या तासाला 'अवतार' आणि 'देहधारण' हे दोन शब्द फळ्यावर लिहावेत, आणि मुलांनाच फरक विचारावा. शेजाऱ्याचा धर्म समजून घेण्याचा तो चांगला आरंभ होईल.