इंग्रजी क्रियापदे आणि आपला व्यवहार



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही बोनस किंवा महागाईभत्ता यांपैकी काहीतरी सांगू अशी त्यांची समजूत होती. आम्ही 'इंग्रजी क्रियापदे' असे सांगितल्यावर त्यांनी तो पुन्हा एकदा विचारून घेतला. कामगार संघटनेच्या माणसाने व्याकरणात कशाला शिरावे? तर त्याचे कारण असे, की कामगाराच्या हाती पडणारा कागद बहुधा इंग्रजीत असतो, आणि त्या कागदाचा जीव क्रियापदात असतो. नामे नुसती मोठमोठी दिसतात. कोणी काय करायचे, केव्हा करायचे, आणि न केल्यास चालेल की नाही, हे सारे क्रियापद ठरवते.

शिवाय हा विषय आपल्या या भागाला परका नाही. मराठीचे पाणिनी म्हणून ज्यांना ओळखतात ते दादोबा पांडुरंग तर्खडकर (१८१४–१८८२) जन्मले मुंबईत, पण त्यांचे घराणे मूळचे आपल्या वसईजवळच्या तरखडचे. १८३६ साली त्यांचे मराठी व्याकरण छापून निघाले. इंग्रजी व्याकरणाची मांडणी समोर ठेवून मराठीचे नियम बसवण्याचे काम त्यांनी केले. आज शाळेतल्या मुलाला शब्दांच्या जाती विचारा, तो आठ म्हणून सांगेल. यास्काचार्यांनी त्या चारच मानल्या होत्या : नाम, आख्यात, उपसर्ग आणि निपात. आठांची विभागणी इंग्रजीच्या वाटेने आपल्याकडे आली. पुढे तर्खडकर याच नावाच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या. आमच्यासारख्या, शाळा लवकर सुटलेल्या माणसांची तर तीच शाळा.

आता इंग्रजी क्रियापदाचा स्वभाव पाहू. ते आपल्या क्रियापदाच्या मानाने फार अबोल आहे. आपण 'आला', 'आली', 'आले' म्हणतो. म्हणताच आलेला पुरुष की बाई हे कळते. इंग्रजीत तिघांना मिळून एकच 'केम'. आपण म्हणतो, कामगाराने पगार घेतला, कामगाराने मजुरी घेतली, कामगाराने पैसे घेतले. कामगार तोच, पण क्रियापद कर्माच्या मागून चालते. इंग्रजीचे 'टुक' कर्माला कधी विचारीत नाही. वर्तमानकाळी तृतीयपुरुषी एकवचनाला शेवटी एक 'स' लागतो, एवढीच काय ती त्याची नम्रता. आणि तेवढ्या एका 'स'साठी आपल्या मुलांचे किती गुण जातात ते शिक्षकांना ठाऊक!

'गो'चे भूतकाळी 'वेंट' का होते, असे मुले विचारतात. 'वेंट' हे मुळी दुसऱ्याच एका क्रियापदाचे, 'वेंड'चे, रूप. तेथून उचलून ते येथे बसवले. याला हसण्याचे कारण नाही. आपले 'जाणे' संस्कृतातल्या 'या' धातूपासून आलेले, आणि 'गेला' हे 'गम्' धातूच्या 'गत'पासून. दोन्ही भाषांनी नेमके जाण्याच्याच बाबतीत दोन वेगळ्या घरांतली रूपे एकत्र नांदवली आहेत. इंग्रजीतली रोजच्या वापरातली क्रियापदे पाहा : असणे, करणे, म्हणणे, येणे, घेणे, पाहणे, सारीच अनियमित. आपल्याकडेही 'केले', 'आला', 'घेतले', 'म्हटले' यांचे तेच. जी रूपे रोज तोंडात असतात ती मुलांना ऐकूनच पाठ होतात, म्हणून ती नियमाला दाद देत नाहीत. क्वचित लागणारी क्रियापदे मात्र निमूटपणे नियमाने चालतात.

सकर्मक आणि अकर्मक हा भेद शाळेत रुक्ष वाटतो. पण त्यात केवढे राजकारण भरले आहे! आपल्याकडे तुटणे आणि तोडणे, पडणे आणि पाडणे, वाढणे आणि वाढवणे अशा स्पष्ट जोड्या आहेत. इंग्रजीतही 'राइझ' आणि 'रेझ' अशी जोडी आहे. पण पुष्कळ ठिकाणी एकच क्रियापद दोन्हीकडे राबते. 'क्लोज' हे त्यांपैकी. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांतला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यानंतरच्या काळात एकेका गिरणीविषयी इंग्रजीत 'द मिल क्लोज्ड' असे तीन शब्द लिहिले की काम भागत असे. हे वाक्य मराठीत आणू लागलो की पंचाईत होते. गिरणी 'बंद पडली' म्हणावे, की 'बंद केली' म्हणावे? पहिल्यात कर्ता म्हणून गिरणीच. जणू म्हातारे माणूस अंथरुणाला खिळावे तशी ती आपोआप निजली. दुसऱ्यात कर्ता शोधावाच लागतो. गिरणगाव सोडून नालासोपारा-विरारकडे आलेल्या कुटुंबांना त्या दोहोंतला फरक व्याकरणाचे पुस्तक न उघडताही कळतो.

कर्ता लपवण्याचे दुसरे ठिकाण म्हणजे कर्मणी प्रयोग. 'अमुक कामगारास कामावरून कमी करण्यात येत आहे.' कोणाकडून? वाक्यात जागाच नाही. ही 'करण्यात येत आहे'ची धाटणी इंग्रजी कचेरीच्या कागदांचे भाषांतर करता करता आपल्याकडे रुजली, आणि आता तर लग्नपत्रिकेतही 'आमंत्रण देण्यात येत आहे' असे वाचायला मिळते! माणिकपुरात घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजीबाई असे कधी बोलणार नाही. आमच्या सभासदांना आम्ही सांगत असतो, की अशी नोटीस आली तर आधी तिचे कर्तरी वाक्य करून पाहा. कर्ता सापडला की उत्तर कोणाला पाठवायचे ते सापडते.

आता सहायक क्रियापदांकडे येतो. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण पैशाचा व्यवहार येथे आहे. आपल्याला 'जाईन', 'देईन' असा स्वतंत्र भविष्यकाळ आहे. इंग्रजी क्रियापदाला रूपाने पाहता वर्तमान आणि भूत हे दोनच काळ. भविष्यासाठी त्याला मदतनीस घ्यावा लागतो. 'विल' आणि 'शॅल' हे ते मदतनीस. 'विल'चा जुना अर्थ इच्छिणे, आणि 'शॅल'चा जुना अर्थ देणे लागणे. म्हणजे एक इच्छा, आणि दुसरे कर्ज! बोलण्यात हा भेद आता पुसला गेला आहे, पण कायद्याने तो जपून ठेवला. याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. सहा हजार पायदळाची तैनाती फौज आणि तिच्या खर्चासाठी सव्वीस लाखांचा मुलूख, हे सारे अशाच 'शॅल'च्या बंधनात आले. पेशव्यांचे राज्य त्यानंतर सोळा वर्षेही पुरले नाही.

एका कारखान्यात वेतनकराराचा मसुदा आमच्यापुढे आला होता. रजेचा पगार, गणवेश, उपाहारगृह, सगळीकडे 'शॅल'. फक्त वाढीव भत्त्याच्या कलमात 'विल कन्सिडर', म्हणजे 'विचार करील'. त्या दोन शब्दांवर तीन बैठका गेल्या. शेवटी तेथे 'शॅल पे' आले, आणि तारीखही आली.

'मे'चा पसारा निराळा. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या दहाव्या कलमात वाद न्यायाधिकरणाकडे पाठवण्याचा सरकारचा अधिकार 'मे'ने सांगितला होता. पाठवील अथवा न पाठवील. दोन्ही पक्षांनी अर्ज केला आणि अर्जदार आपापल्या बाजूच्या बहुसंख्यांचे प्रतिनिधी आहेत अशी सरकारची खात्री झाली, तर मात्र तेथे 'शॅल' होता. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. तिची कलमे वाचतानाही आमची पेन्सिल आधी क्रियापदाखालीच जाते.

राज्यघटनेतले एक उदाहरण देतो. मूळच्या ४५ व्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांना दहा वर्षांच्या आत मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याविषयी लिहिले होते. तेथे 'शॅल' होता खरा, पण त्याच्या पाठीस 'एन्डेव्हर' हे मुख्य क्रियापद जोडलेले होते. सरकार प्रयत्न करील! सक्ती होती ती प्रयत्नाची, शिक्षणाची नव्हे. दहा वर्षे गेली, वीस गेली. २००२ साली ८६ वी घटनादुरुस्ती झाली, २१-अ हे कलम आले, आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता तो 'एन्डेव्हर' गळून 'शॅल'च्या पुढे थेट 'प्रोव्हाइड' आले. एक क्रियापद काढायला बावन्न वर्षे लागली. प्रत्यक्ष अंमल १ एप्रिल २०१० पासून. कामगाराला निर्वाह-वेतन मिळावे असे सांगणारे ४३ वे कलम त्याच भागात आहे. त्यातला 'एन्डेव्हर' अजून जागचा हललेला नाही.