मैदान बंद नको, तयारी हवी

(कार्यकर्त्या आणि शिक्षिकांच्या शिबिरात केलेलं भाषण)



आणीबाणी म्हटलं की आपल्यातल्या ज्येष्ठ मैत्रिणींना १९७५ साल आठवतं. आज मला बोलायचंय ते दुसऱ्याच आणीबाणीबद्दल. शाळेच्या मैदानावर खो-खो खेळताना मुलगी कोसळते, कबड्डीत मानेला मार बसतो, भर उन्हात धावताना एखादी असंबद्ध बोलायला लागते. अशा वेळी पुढच्या दहा मिनिटांत कुणी काय करायचं, हा आजचा विषय. 'हे तर पी.टी.च्या सरांचं काम, आपल्या चळवळीशी याचा काय संबंध?' असं काहीजणींच्या मनात आलं असेल. त्याचं उत्तर आधी देते.

मैदानावर मुलाला लागलं तर लोक म्हणतात, 'खेळात लागायचंच.' मुलीला लागलं तर म्हणतात, 'कशाला पाठवायची खेळायला?' दुसऱ्या दिवसापासून तिचं खेळणं बंद होतं, आणि तिच्याबरोबर वस्तीतल्या आणखी चौघींचंही. तयारी नसण्याची किंमत मुली अशी दोनदा मोजतात, एकदा शरीराने आणि एकदा मैदान गमावून. काळजीच्या नावाखाली घातलेली बंदी आपण घराच्या उंबरठ्यापासून ओळखतो. म्हणून मैदानावरची तयारी ही आपली मागणी असली पाहिजे.

ही तयारी फार खर्चाची नाही. तिचा गाभा एका पानात मावतो. फोन कोण करणार? मुलीजवळ कोण थांबणार? फाटकावर गाडीला रस्ता दाखवायला कोण धावणार? फाटकाची किल्ली कुणाकडे? प्रथमोपचाराची पेटी कुठे, आणि ती कुलपात आहे का? जवळचं कुठलं रुग्णालय रात्रंदिवस उघडं असतं? प्रत्येक कामापुढे एक नाव हवं, आणि ती व्यक्ती रजेवर असेल तर दुसरं. 'सर्वांनी मिळून बघावं' असं लिहिलं की कुणीच बघत नाही. हे पान मुख्याध्यापकांच्या कपाटात नको, मैदानाकडे जाणाऱ्या भिंतीवर हवं. त्यावर मैदानाचा पत्ता आणि जवळची खूणही लिहा. महाराष्ट्रात १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून मिळते, पण घाबरलेल्या माणसाला फोनवर स्वतःच्या शाळेचा पत्ताही सांगता येत नाही.

आता मिनिटांचा हिशेब. हृदय अचानक बंद पडलं आणि कुणी छातीदाब दिला नाही, तर विजेचा झटका देणारं यंत्र लागायला होणाऱ्या उशिराच्या दर मिनिटाला जगण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते. गाडी येईपर्यंत वाट बघणं म्हणजे हात बांधून बसणं. कोसळलेली मुलगी हाकेला ओ देत नाही, श्वास नीट चालत नाही, तर छातीदाब सुरू करायचा. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, किमान पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. अशा वेळी आचके येतात, हातपाय झटकले जातात. त्याला फेफरं समजून लोक चप्पल नाहीतर कांदा हुंगवत बसतात आणि मोलाची मिनिटं निघून जातात.

इथेच बाईच्या शरीराचा प्रश्न उभा राहतो. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की सार्वजनिक जागी हृदय बंद पडलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना आसपासच्या लोकांकडून छातीदाब मिळाला, बायकांपैकी ३९ टक्क्यांनाच. तिथे ही गत, तर आपल्याकडे मुलीच्या छातीवर हात ठेवायला सर किती कचरतील याची कल्पना करा. त्यात यंत्राच्या पट्ट्या उघड्या त्वचेवर चिकटवाव्या लागतात, म्हणजे कपडे बाजूला करावेच लागतात. याला उपाय दोन. पहिला, मुलींना आणि शिक्षिकांना हे स्वतःच्या हाताने करता आलं पाहिजे, आणि सराव मुलींच्या वेशातल्या बाहुलीवर झाला पाहिजे. दुसरा, सरांना आणि पालकांना आधीच सांगून ठेवायचं, की त्या वेळी तो हात उपचाराचा आहे. भोवती मुलींनी पाठ करून कडं करायचं, म्हणजे आडोसाही होतो आणि मोबाईलवर चित्रण करणारेही दूर राहतात. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या भल्यासाठी, सद्हेतूने, संमती घेणं शक्य नसताना केलेली अशी कृती गुन्हा ठरत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्ये हे आहे, जुन्या दंड संहितेत ते कलम ९२ होतं. आणि आधी पोलिसांचे कागद, मग उपचार, असं कुठल्याही डॉक्टरला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा खटल्यात हे स्पष्ट केलं आहे.

उन्हाचं दुखणं तर थेट आपल्या जुन्या मागणीशी जोडलेलं आहे. शाळेत धड संडास नाही, म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत. पाळीच्या दिवसांत तर नाहीच. मग दुपारच्या उन्हात त्यांनाच धावायला लावायचं आणि चक्कर आली की 'नाजूक' म्हणायचं! चालू स्थितीतला संडास आणि पिण्याचं पाणी ही आणीबाणीच्या योजनेतली पहिली कलमं आहेत. उष्माघात झालाच, अंग भट्टीसारखं तापलं, मुलगी बरळायला लागली, तर फोन लावायचा आणि गाडीची वाट न बघता तिला गार करायला घ्यायचं. सावली, बादल्यांनी पाणी, ओल्या चादरी, वारा, बर्फ असेल तर बर्फ. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. नंदुरबार, गडचिरोलीकडच्या मैत्रिणींनी सिकलसेलचंही ध्यानात ठेवावं. ज्या मुलीच्या रक्तात तो दोष आहे, तिला अति दमवणं धोक्याचं. ही माहिती तिला मैदानाबाहेर काढायला वापरू नका. तिला पाणी आणि विसावा मिळावा म्हणून वापरा, आणि ती चारचौघांत उघड करू नका.

मानेला किंवा पाठीला मार बसला असेल तर हात-पाय धरून उचलायची घाई नको. डोकं स्थिर धरून मदत येईपर्यंत तिथेच ठेवायचं. डोक्याला लागून गरगरलं, तर त्या दिवशी पुन्हा खेळ नाही, मग अंतिम सामना का असेना. मेघगर्जना ऐकू आली की मैदान सोडून पक्क्या इमारतीत जायचं, झाडाखाली नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं.

मैदानावरचा लैंगिक अत्याचार हीही आणीबाणीच. बाहेरगावच्या स्पर्धेला मुलींबरोबर जबाबदार बाई असलीच पाहिजे, आणि तिचं नाव त्या पानावर हवं. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलीबाबत असा गुन्हा कळला की तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ते प्रकरण शाळेत 'मिटवता' येत नाही.

एक इशाराही द्यायला हवा. १२ जुलै २०१८ रोजी तमिळनाडूत कोईमतूरजवळच्या एका कॉलेजात आपत्तीचा सराव चालला होता. एका विद्यार्थिनीला दुसऱ्या मजल्यावरून उडी मारायला सांगितलं होतं. खाली मुलं जाळी धरून उभी होती. ती घाबरली होती, तयार नव्हती. प्रशिक्षकाने तिला ढकललं. खालच्या छज्जावर आपटून ती गेली. हा प्रशिक्षक आपला नव्हताच, असं राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने नंतर सांगितलं. एकोणीस वर्षांच्या मुलीचा नकार कुणालाच ऐकू आला नाही! म्हणून सराव घेणाऱ्याची कागदपत्रं मागा. सराव जमिनीवरच करा. आणि 'मला हे करायचं नाही' म्हणणाऱ्या मुलीला तो अधिकार आहे, हे त्या पानावर लिहा.

आता आपलं काम. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पुष्कळ ठिकाणी त्या फक्त सहीपुरत्या असतात. त्या बायकांना गाठा, बरोबर घेऊन एकदा मैदानावर फिरा. फाटकातून रुग्णवाहिका आत येते का, की दारात मोटारसायकली लावलेल्या असतात, हे डोळ्यांनी बघा. पुढच्या बैठकीत हा विषय लेखी मांडा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्या. कॉलेजात विद्यार्थिनींनी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा. वर्षातून दोनदा सराव, आणि त्यात मुलींनीच फोन करणं, मुलींनीच छातीदाब देणं, हा आग्रह धरा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या भागातल्या एका शाळेचं ते पान घेऊन यावं. पान नसेल तर कोरा कागद आणा, आपण बसून लिहू.